सांबरशिंगी मुठीचा चाकू

माझे आजोबा ठाणे जिल्ह्यात जंगल खात्यात कारकून होते. त्यांच्या पश्चात घरात ज्या थोड्या वस्तू राहिल्या त्यांत एक काठी, मोडी अक्षरांनी भरलेल्या जमाखर्चाच्या दोन वह्या आणि सांबरशिंगी मुठीचा एक मिटणारा चाकू होता. आणि या तिन्हींत त्यांच्या स्वभावाच्या सर्वांत जवळचा तो चाकूच, कारण तो कामापुरता उघडे, काम सरले की मिटे, आणि मिटल्यावर आपल्यापाशी धार आहे याची जाणीव कोणास होऊ देत नसे. कचेरीत टाक आणि दौत आली होती तरी घरचा हिशेब ते बोरूनेच लिहीत, आणि दर रविवारी सकाळी ओटीवर बसून आठवड्याचे बोरू तासून ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता होता. बोरूचे टोक प्रथम तिरके उतरवावयाचे, मग त्यास मधोमध केसाएवढी चीर द्यावयाची आणि अखेरीस पाटाच्या कडेवर टेकवून अणी एका दाबात छाटावयाची. या तीन क्रियांत पात्याची जी परीक्षा होते ती भाजी चिरण्याने जन्मात होणार नाही. जुन्या दप्तरी भाषेत अशा चाकूस कलमतराश म्हणत. 'चाकू' हा शब्द तुर्कीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला, 'सुरी' ही संस्कृतातील क्षुरिकेची लेक. परंतु सुरी स्वयंपाकघरात राहिली आणि मराठी कारकुनाच्या खिशात गेला तो चाकू. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण मिटणारा चाकू म्हटले की हल्लीच्या माणसास पंचनामा आणि मुद्देमाल एवढेच आठवते, आणि हा त्या वस्तूवर झालेला अन्याय आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

आजोबांच्या चाकूच्या मुठीला शिंगाच्या दोन फाका होत्या. जंगलात गळून पडलेले ते शिंग एका ठाकराने आजोबांना आणून दिले होते, आणि मूठ करून जो तुकडा उरला तो आजीच्या सहाणेपाशी राहिला. छातीत कोणाच्या दुखू लागले की ती तो पाण्यात उगाळून लेप लावी. मराठीत गाईच्या माथ्यावर असते तेही शिंग आणि सांबराच्या माथ्यावर असते तेही शिंगच. वस्तुतः या दोहोंत मोठे अंतर आहे. गाईचे शिंग म्हणजे हाडावर चढलेले नखासारखे कवच आणि ते जन्मभराचे. सांबराचे शिंग हे साक्षात हाड, दर वर्षी गळणारे आणि दर वर्षी नव्याने, मखमलीसारख्या कातड्याखाली, रक्तावर पोसून वाढणारे. पूर्ण वाढलेल्या नराच्या प्रत्येक शिंगाला तीन टोके असतात. उन्हाळ्यात ही शिंगे गळतात, आणि रानात पडलेली शिंगे साळिंदरे कुरतडून संपवितात, कारण अंगास लागणारा चुना त्यांना त्यांतून मिळतो. चितळाच्या शिंगाहून सांबराचे शिंग भरीव, आतला सच्छिद्र भाग अत्यल्प. यामुळेच इंग्लंडातील शेफील्डचे चाकूवाले एके काळी हिंदुस्थानातून ही शिंगे मागवून घेत आणि आपल्या उत्तमोत्तम चाकूंना त्यांच्या मुठी चढवीत.

गेल्या पावसाळ्यात पेटीत ओल शिरली आणि पाते दाबून धरणारी चाकूची कमान गंजून तुटली. ती काढून पाहण्याची घाई माझी. त्या घाईत शिंगाची एक फाक उभी चिरली आणि तिचे दोन तुकडे माझ्या हातात आले. त्या संध्याकाळी मला जे वाटले ते येथे लिहीत नाही. कल्याणच्या बाजारात दोन दुकानदारांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ऐंशी रुपयांत नवा घ्या म्हणून सांगितले. पुढे कापडाच्या धंद्यातील एका स्नेह्याने सांगितले की, भिवंडीत यंत्रमागांचे सुटे भाग घासणारा एक वृद्ध मिस्त्री आहे, त्याचे वडील चाकूंच्या रामपूरचे, आणि मिटणाऱ्या चाकूचे काम हाताने करणारा माणूस या पंचक्रोशीत उरला असेल तर तो हाच. म्हणून आश्विनातल्या एका सकाळी मी चाकू धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून कल्याणहून भिवंडीस निघालो.

कल्याण आणि भिवंडी ही दोन नावे जुन्या कागदपत्रांत जोडीनेच येतात. १६५७ साली शिवाजी महाराजांनी हा मुलूख आदिलशाहीकडून घेतला तेव्हाही ही दोन्ही ठाणी बरोबरच हाती आली. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी खाडी ओलांडते, कोनगाव मागे पडते, आणि राजणोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग आडवा आला की पुढचा सगळा प्रवास मालमोटारींच्या स्वाधीन होतो. जेथे भाताची खाचरे होती तेथे आता गोदामे आहेत, एकापुढे एक, निळ्या पत्र्यांची, आणि त्यांच्या दाराशी साऱ्या हिंदुस्थानच्या नोंदणीचे क्रमांक मिरविणारी वाहने. राजणोलीस आमची गाडी अर्धा तास उभी होती.

गावात शिरले की प्रथम कानास कळते. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमागावर नावारूपास आणलेला हा कसबा गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमागाकडे वळला. पद्मानगरात तेलुगू पद्मशाली येऊन वसले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू होऊन गिरण्या थंडावल्यावर त्यांच्या वाट्याचे काम अधिकच या गल्ल्यांकडे वाहत आले. प्रत्येक मागावर ताण्याच्या उभ्या सुतांतून बाण्याचे आडवे सूत नेणारा एक लाकडी धोटा असतो, दोन्ही टोकांस पोलादी अणी आणि पोटात सुताची कांडी. तो मिनिटास शंभराहून अधिक वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो आणि प्रत्येक फेकीस एक ठोका उमटतो. असे शेकडो ठोके एका पत्र्याखाली, असे पत्रे एका गल्लीत. ज्यांचा जन्म या आवाजात गेला ते एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून बोलतात हे मी डोळ्यांनी पाहिले. परंतु मधूनच एखादी गल्ली अगदी गप्प लागे. तेथील माग भंगारात गेले होते. नव्या मागांना धोटाच लागत नाही.

मिस्त्रींचे दुकान अशाच एका गप्प झालेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून होते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, दाराशी विटांची भट्टी, भात्याच्या जागी विजेचा लहान पंखा, आणि ऐरण म्हणून आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा लाकडी ओंडक्यात रोवलेला. मिस्त्रींचे वय पंचाहत्तरीच्या घरात असावे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा कानसेच्या घासण्याने इतका चपटा झालेला की तो एखाद्या अवजाराचा भाग वाटावा. मी "चाचा" म्हणून हाक मारली. त्यांनी स्टूल पुढे सरकावले.

"बसा साहेब. काय आणलंय?"

मी फडके सोडले. त्यांनी चाकू लगेच उघडला नाही. तळहातावर ठेवून तोलला, पात्याचे बूड नखाने चाचपले, मोडलेली फाक जुळवून पाहिली, आणि मग दाराच्या उजेडाकडे वळून बराच वेळ पाहत राहिले.

"हा रामपुरी नाही," ते म्हणाले. "रामपुरीला कळ असते, पातं उघडलं की अडकतं. हा नुसता कमानीवर चालतो. पण बनवणारा कारागीर होता. बघा, एवढ्या वर्षांत पातं डावीउजवीकडे हललं नाही."

ते येथेच जन्मले, उर्दू शाळेत चार इयत्ता शिकले आणि मराठी बाजारात शिकले. वडील रामपुरास चाकूच करीत. काम मंदावले तेव्हा भावकीतील कोणाच्या ओळखीने भिवंडीस आले, दिवसा मागांचे सुटे भाग घासू लागले आणि रात्री, आपली विद्या हातातून जाऊ नये म्हणून, चाकू करीत बसले. मुलाने तेथेच बसून पाहिले. शिकणे म्हणून निराळे काही झाले नाही.

रामपूरची हकिकत मनाला लागण्यासारखी आहे. नबाबी अमलात तेथील कारागिरांनी मिटणाऱ्या चाकूस जी सफाई आणली तिची कीर्ती दूरवर गेली. परंतु मुंबईच्या चित्रपटांनी तो गुंडाच्या हातात दिला आणि वस्तूचे नाव गुन्ह्याचे नाव होऊन बसले. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालील नियमांप्रमाणे घरगुती अथवा शेतीच्या उपयोगाचे नसलेले, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार परवान्याच्या कक्षेत येते. उत्तर प्रदेशात त्याहूनही कडक बंदोबस्त झाला आणि कारागीर एकेक करून रिक्षा, बिडी, किराणा अशा मार्गांना लागले. जपानातही असेच घडले. तेथील मिकी गावी हिगोनोकामी नावाचा दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा साधा चाकू होई आणि शाळेतील प्रत्येक मुलगा पेन्सिली तासण्यासाठी तो खिशात बाळगी. १९६० च्या सुमारास एका राजकीय हत्येनंतर मुलांच्या हाती पाते देऊ नये अशी चळवळ उठली आणि तो घरोघरचा चाकू दुर्मीळ झाला. एका अवजाराचा कोणी दुरुपयोग करावा आणि त्याची शिक्षा ते अवजार घडविणाऱ्या हातांना व्हावी, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. २०२३ साली रामपूर शहराने आपल्या एका चौकात वीस फूट लांबीचा चाकू उभारला. मिस्त्रींच्या नातवाने त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर आणून दाखविले तेव्हा म्हातारबोवांनी चष्मा वर करून ते पाहिले आणि म्हटले, "चौकात ठेवला ते चांगलं केलं. आता कारखान्यातपण ठेवा."

त्यांच्याकडे अजूनही तरणी पोरे येतात, मोठे पाते मागतात. ऐरणीच्या ओंडक्यावर त्यांनी एक खाच करून ठेवली आहे. तिच्यापुढे पाते जाऊ द्यावयाचे नाही. मी बोटे लावून पाहिली, चार बोटे भरली. "फळ कापायला याच्यापेक्षा काय लागतं?" एवढेच त्यांचे म्हणणे, आणि पोरांनाही ते हेच सांगतात.

मोडलेली फाक नव्या शिंगाची करून मिळेल काय, असे मी विचारले, आणि विचारता क्षणी ते विचारावयास नको होते असे वाटले. त्यांनी मान हलविली. वडिलांच्या वेळी शिंगे बाजारात वजनावर मिळत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा अधिनियम झाला आणि त्यात पुढे ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनी शिंगाचा व्यापार, मग ते आपोआप गळून पडलेले का असेना, गुन्हा ठरला. कारण गळलेले शिंग आणि जनावर मारून काढलेले शिंग यांतला फरक गिऱ्हाईकास कळत नाही आणि विकणाऱ्यास सांगावयाचा नसतो. मला हा कायदा पूर्णतया न्याय्य वाटतो. मिस्त्रींनाही तो तसाच वाटत असावा, कारण ते म्हणाले, "कोणी आणलं तरी हात लावत नाही, साहेब. तुमची ही एक फाक शाबूत आहे, ती राहू द्या. दुसरीला लाकूड लावू." मग ते उठले, शेजारच्या कारखान्याच्या दाराशी पडलेल्या ढिगाऱ्यात हात घालून त्यांनी एक जुना धोटा ओढून काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

एवढ्या जवळून धोटा मी कधी पाहिला नव्हता. होडीसारखा निमुळता, तळहाताहून दुप्पट लांब, अपेक्षेपेक्षा जड. त्याच्या पाठीची बाजू वर्षानुवर्षे फणीला घासून अशी झाली होती की तिच्यावर लाकडाचे रेषारूप दिसत असूनही बोटास ते लागत नव्हते. कोणत्याही रोगणाने अशी तकाकी येणार नाही. धोट्याचे लाकूड निवडतानाच घट्ट आणि न चिरफळणारे निवडलेले असते, कारण मागात तो फुटला तर उडालेली चीप डोळ्यात जाते. त्याच्या पाठीच्या भिंतीतून मुठीची एक फाक निघते. मिस्त्रींनी गेली काही वर्षे आपल्या साऱ्या चाकूंना हेच लाकूड लावले आहे. माग भंगारवाला नेतो, धोटे तेथेच टाकून जातो.

प्रथम कमान. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्याचा एक तुकडा त्यांनी भट्टीत घातला, आणि तो नारिंगी होताच सांडशीत धरून रुळावर ठोकण्यास आरंभ केला. नातू घण मारी आणि आजोबा लहान हातोडीने कोठे मारावयाचे ते दाखवीत; एक शब्द न बोलता, हातोडीच्या ठोक्यावरच सगळी भाषा. बोटाएवढ्या जाडीचे पोलाद अर्ध्या घटकेत पेन्सिलीहून बारीक झाले. मग कानस. शिशाच्या पत्र्यावर जुनी कमान ठेवून तिचा ठसा घेतला होता. नवी त्यावर ठेवून पाहावयाची, घासावयाची, पुन्हा पाहावयाची. आकार जमल्यावर ती पुन्हा तापवून तेलात बुडविली. लोहाराच्या भाषेत यास 'पाणी देणे' म्हणतात. तेल असले तरी पाणीच. पाते पाणीदार असते, मोती पाणीदार असतो आणि माणसाचेही पाणी जोखले जाते, तेव्हा या एका शब्दाचा मूळ उगम भट्टीपाशी आहे असे मला त्या धुरात बसून खात्रीने वाटले.

पाणी दिलेले पोलाद कठीण होते परंतु काचेसारखे ठिसूळ. वाकविले तर तुटेल. म्हणून ते थोडे उतरवावे लागते. मिस्त्रींनी कमान घासून आरशासारखी केली आणि निखाऱ्यापासून चार बोटांवर धरली. काही वेळ काहीच झाले नाही. मग तिच्या एका टोकास वाळल्या गवताचा पिवळा रंग आला, तो सरकू लागला, त्यामागून तांबूस, त्यामागून जांभळा, आणि सर्वांच्या मागून मोराच्या गळ्याचा निळा रंग येऊ लागला. मी श्वास रोधून पाहत होतो. निळा टोकापासून टोकापर्यंत पोचताच त्यांनी ती उचलून तेलात टाकली. "पिवळ्यावर थांबलं तर धार," ते म्हणाले, "निळ्यावर थांबलं तर कमान. दोन्हीच्या मध्ये थांबलं तर काहीच नाही."

यानंतरचे काम मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि ते दिसण्यात सर्वांत क्षुद्र होते. मिटणाऱ्या चाकूचे मर्म पात्यात नसून पात्याच्या बुडाशी आहे. त्या बुडास तीन सपाट बाजू असतात आणि त्यांच्यामध्ये दोन कोपरे; पाते फिरते तेव्हा कोपरा कमानीस उचलतो, आणि सपाट बाजू आली की कमान खाली बसून पात्यास जागच्या जागी दाबून धरते. पाते मिटलेले असो, अर्धे असो, पूर्ण उघडे असो, या तिन्ही स्थितींत कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी अशी समतल यावयास हवी की डोळे मिटून अंगठा फिरविला तर सांधा लागू नये. मिस्त्रींनी कच्चे खिळे घालून चाकू जोडला, उघडला, अंगठा फिरविला, खिळे काढले, कानस दोनदा ओढली, पुन्हा जोडला. मला तो दुसऱ्याच वेळी निर्दोष वाटला होता. त्यांनी तो पाच वेळा सोडला. शेवटच्या खेपेस कान जवळ नेऊन उघडला तेव्हा बारीक, कोरडा, स्वच्छ असा एक आवाज झाला. त्यांनी नातवाकडे पाहिले, नातवाने मान डोलावली, आणि मगच पितळी तारेचे पक्के खिळे कापावयास घेतले.

एका खिळ्याचे भोक शिंगाच्या फाकेत थोडे सरकवून पाडावे लागले. गिरमिटाखाली पांढरी भुकटी आली आणि तिच्याबरोबर एक वास, दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकास माहीत असलेला, हाड तापल्याचा. त्या सांबराचे ते शिंग गळून सत्तर वर्षे तरी झाली असतील. वास मात्र ताजा होता. मी ती भुकटी कागदाच्या घडीत बांधून घेतली. मिस्त्रींनी कारण विचारले नाही.

पात्यास त्यांनी भट्टी दाखविली नाही. आजोबांची धार निसण्यावर केवळ जागी केली. खिळ्यांची टोके ठोकून फुलविली, घासून बसविली, धोट्याच्या लाकडास खोबरेलाचे एक बोट पुसले, आणि चाकू मिटवून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मजुरी त्यांनी चारशे रुपये सांगितली. सकाळपासून दुपारी तीनपर्यंतचे दोन माणसांचे काम, म्हणून मी हजार पुढे केले. त्यांनी पाचशे परत दिले आणि शंभर नातवाच्या हातावर ठेवले. मी पुन्हा आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "साहेब, हे काम मिळालं म्हणून आज पोराला दाखवता आलं."

परतताना राजणोली नाक्यावर गाडी पुन्हा अडली. अंधारून आले होते, गोदामांचे दिवे लागले होते, आणि गाडीत इतकी दाटी की हात खिशातून काढणेही कठीण. माझी बोटे खिशातल्या चाकूवर होती. एका बाजूस शिंगाच्या खाचा आणि गाठी, आजोबांच्या तळव्याने कडा मवाळ केलेल्या. दुसऱ्या बाजूस धोट्याचे गुळगुळीत लाकूड. पूर्वी दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि पाते कोणत्या अंगाने उघडते ते पाहावे लागे, कारण नखाची खाच पात्याच्या एकाच अंगास असते. आता पाहण्याची गरज नव्हती. अंगठ्यास लाकूड लागले की नख आपोआप त्या खाचेवर जात होते.